फोर्डच्या पेटीत पडलेला नट



मोटारगाडीच्या गिअरपेटीचे झाकण उघडलेले आहे, हातातला पाना किंचित घसरतो, आणि चिंचोक्याएवढा एक नट टण् असा आवाज करून आत कोठेतरी नाहीसा होतो. आपल्यापैकी ज्यांनी मोटारीचे काम केले आहे किंवा मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून पाहिले आहे, त्यांना तो आवाज ओळखीचा असेल. तो नट काढावयाचा कसा, हा प्रश्न मिस्त्रीचा. तो तेथे पडू शकला कसा, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, आणि आज त्याच्याविषयीच मला बोलावयाचे आहे. गिअरपेटीला दार कोठे ठेवले, केवढे ठेवले आणि ते कोणाच्या हातांनी उघडावे असे कारखानदाराने धरून चालले, हे पाहिले की ती गाडी कोणासाठी घडविली होती याचा उलगडा होतो. ह्या दृष्टीने पाहण्यासारखी गाडी म्हणजे अमेरिकेतील फोर्डची ‘मॉडेल टी’. तिच्या पेटीत नट पडणे हा कोट्यवधी लोकांच्या काळजीचा विषय होऊन बसला होता.

परंतु आधी ही पेटी आली कोठून? रुतलेली गाडी ओढताना बैल जागच्या जागी पाय रोवून सगळा जोर लावतो. पेट्रोलच्या इंजिनाला हे साधत नाही. ते जोरात फिरू लागले म्हणजेच त्याच्या अंगात बळ येते. हळू फिरवू गेलात तर ते गुदमरून बंद पडते. म्हणून इंजिन वेगाने फिरावे आणि चाके सावकाश पण जोराने फिरावीत, अशी काही तरी दंतचक्रांची मध्यस्थी लागते. फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर ह्या कारखान्यातील एमिल लव्हासोर याने १८९१ च्या सुमारास ह्या कामासाठी जी योजना केली, ती पुढे जगभर रूढ झाली. लहानमोठी चक्रे दांड्यावर सरकवावयाची आणि हवी ती जोडी एकमेकींत अडकवावयाची. चक्रे फिरत असतानाच त्यांचे दात एकमेकांवर आदळत, आणि खडखडाट असा होई की ऐकणाऱ्याचेच दात आंबावेत. योजना रांगडी खरी, पण काम देणारी होती. हाच लव्हासोर १८९५ च्या जूनमध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत ही सुमारे ११७८ किलोमीटरची शर्यत ४८ तास ४८ मिनिटांत धावला आणि सर्वांच्या आधी पोहोचला. गाडी दोनच माणसांची होती म्हणून नियमाप्रमाणे पहिले बक्षीस दुसऱ्यालाच गेले. नियम कोणासाठी थांबत नाहीत!

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. लव्हासोरच्या पहिल्या गाड्यांतली ही चक्रे उघडी असत. वर रस्त्याची धूळ उडे, ग्रीस वाळून जाई, दात झिजत. १८९५ च्या सुमारास ती पेटीत बंद झाली आणि तेलात न्हाऊ लागली. धूळ टळली, आवाज घटला, चक्रांचे आयुष्य वाढले. पण उघड्या यंत्रातून निसटलेला नट रस्त्यावर पडत असे. वाकून उचलावा की झाले. पेटी आली आणि त्या दिवसापासून पडलेली वस्तू अंधारात, तेलात आणि दातांच्या तोंडी जाऊ लागली. पुढे १८९८ मध्ये लुई रेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने वरच्या गिअरमध्ये इंजिनाची गती सरळ चाकांकडे नेण्याची युक्ती काढली. ती आजही वापरात आहे. मात्र तिचा आणि आपल्या नटाचा फारसा संबंध नाही, म्हणून तिला येथेच नमस्कार करतो.

आता डेट्रॉइटकडे येऊ. १९०८ च्या शरद ऋतूत हेन्री फोर्डने मॉडेल टी बाजारात आणली. किंमत ८५० डॉलर. फोर्ड हा मिशिगनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. खेड्यातल्या माणसाला परवडेल, चिखलातून जाईल आणि त्याला स्वतःला दुरुस्त करता येईल अशी गाडी करावयाचा त्याचा हट्ट होता. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली आणि किंमत उतरत गेली. पुढच्या दशकात साधी दोनबैठकी गाडी ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. १९२७ च्या मे महिन्यात उत्पादन थांबले तेव्हा दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. ह्या दीड कोटींच्या मालकांत शोफर ठेवणारे किती असणार? बहुतेक सगळे स्वतःच सारथी, स्वतःच मिस्त्री.

अशा माणसाला लव्हासोरची खडखडणारी चक्रे झेपली नसती. चक्रे सरकवून बरोबर क्षणी अडकविणे ही त्या काळी कला होती. चुकली तर दात तुटत. म्हणून फोर्डने ग्रहचक्रांची योजना पत्करली. मधल्या सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी लहान चक्रे मधल्या चक्राभोवती फिरतात आणि ती सदैव एकमेकांत अडकलेलीच असतात. सरकविणे नाही, आदळणे नाही. बाहेरून तीन ड्रम असतात आणि प्रत्येक ड्रमाभोवती एक पोलादी पट्टा. पट्टा आवळला की तो ड्रम थांबतो आणि त्याप्रमाणे गाडीची चाल बदलते. एक पट्टा हळू चालीचा, एक मागे जाण्याचा आणि एक ब्रेकचा. पायाखाली तीन पेडल. डावे पूर्ण दाबले की हळू चाल, अर्ध्यावर धरले की मोकळी, सोडले की वरची चाल. मधले दाबले की गाडी मागे. उजवे दाबले की थांबे. आजच्या चालकाला ह्या गाडीत बसविले तर तो पहिल्या पाच मिनिटांत कुंपणात जाईल, पण त्या काळी शेतकऱ्याची मुले एका सकाळी ती शिकत.

ह्या सुखाची किंमत पट्ट्यांना मोजावी लागे. त्यांना आतून सुती विणीचे अस्तर असे. आवळताना ते घासे, तापे आणि झिजे. लांबच्या उतारावर ब्रेकचा पट्टा दमला की चालक मधले पेडल दाबून उलट चालीचा पट्टा ब्रेक म्हणून वापरीत. चढावर कधी कधी गाडी तोंड फिरवून मागच्या मागे चढवीत. एक तर उलट चालीत ओढ अधिक. दुसरे असे की पेट्रोल टाकीतून नुसत्या उताराने इंजिनाकडे येई आणि सरळ चढताना टाकी खाली राही. युक्ती नामी होती, पण अस्तराचा भुगा अधिक पडे. हा भुगा तेलात मिसळे, आणि तेल तर एकच! फोर्डच्या रचनेत इंजिन आणि गिअर यांचे तेल वेगळे नव्हते. पुढे इंजिन, मागे फ्लायव्हील, त्यामागे गिअरचे ड्रम आणि सगळ्यांच्या खाली तेलाचे एकच लांब भांडे. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात तेच हे. फ्लायव्हील फिरताना तेल वर उडवी. त्यातले काही एका फनेलात पडून बारीक नळीने इंजिनाच्या पुढच्या टोकाला पोहोचे. नळीत भुगा अडकला की पुढचा भाग कोरडा पडे.

आता ह्या भांड्यातल्या खऱ्या धोक्याकडे वळू. फोर्डच्या माणसांपैकी एडवर्ड हफ याने ठिणगीसाठी वीज निर्माण करण्याची एक विलक्षण सोय केली होती. फ्लायव्हीलच्या पुढच्या तोंडावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे सोळा लोहचुंबक पक्के बसविलेले असत, आणि त्यांच्यासमोर एका स्थिर कड्यावर तारेची सोळा वेटोळी. चुंबक वेटोळ्यांसमोरून धावले की वीज तयार होई. चुंबक आणि वेटोळी यांतले अंतर होते इंचाचा सुमारे बत्तिसावा भाग. स्वस्तात वीज मिळविण्याची ही योजना फार हुशारीची होती. पण विचार करा: तेलाचे एक भांडे, त्यात फिरणारे बलवान चुंबकांचे चक्र, त्याच्यापुढे पोस्टकार्डाच्या दोनतीन जाडींएवढी फट, आणि त्याच भांड्यावर मालकाने स्वतः उघडावयाचे दार. लोखंडी नट त्या दारातून आत पडला तर तो तळाशी निमूट बसून राहील याची शाश्वती नाही. इंजिन सुरू होताच तेलाबरोबर तो हलेल, चुंबक त्याला ओढून घेतील आणि त्या फटीपाशी नेतील. तेथे तो वेटोळ्यांचे वेष्टन ओरबाडील, चुंबकाचा तुकडा उडवील, तो तुकडा आणखी काही फोडील. पन्नास पैशांच्या नटाने गाडीचा विजेचा आधारच नाहीसा व्हावयाचा.

दार कोठे होते ते सांगतो. चालकाच्या पायाखालची लाकडी फळी काढली की गिअरचे मोठे झाकण दिसे आणि त्या झाकणावर स्क्रूंनी बसविलेली एक लहान चौकोनी पट्टी. हेच दार. हळू चालीचा पट्टा आवळण्यासाठी बाहेर उजव्या अंगाला स्क्रू होता. दार उघडावे लागत नसे. उलट चालीचा आणि ब्रेकचा पट्टा आवळावयाचा तर मात्र दार उघडून आतल्या दांड्यांवरचे नट फिरवावे लागत. फोर्डने मालकांना जी पुस्तिका दिली होती ती प्रश्नोत्तरांच्या रूपात होती. शाळेतल्या पुस्तकासारखा एक प्रश्न, खाली त्याचे उत्तर. पट्टे कसे आवळावेत हाही त्यात एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अवघ्या काही ओळींचे आहे. लाखो अशिक्षित अर्धशिक्षित माणसांच्या हातात यंत्राचे अंतरंग देताना एवढ्या थोड्या शब्दांत सांगणे मला फार धीराचे वाटते. कारखानदाराचा ग्राहकावर इतका विश्वास नंतरच्या काळात क्वचितच दिसतो.

अनुभवी माणूस दार उघडताच पहिले काम करी ते चिंध्यांचे. ड्रमांच्या बाजूंना जी मोकळी जागा दिसे तेथे जुन्या कापडाचे बोळे गच्च कोंबावयाचे आणि मगच पाना हातात घ्यावयाचा. नट, वॉशर, स्प्रिंग, काय सुटेल ते चिंधीवर पडावे. ही रीत मिस्त्रीकडून शिकाऊ पोराकडे, बापाकडून मुलाकडे जात राहिली. तिच्यातही एक मेख होती. काम संपल्यावर बोळे मोजून बाहेर काढावे लागत. चिंधी आत विसरली तर ती ड्रमाने गुंडाळून घेतलीच म्हणून समजा, आणि मग नटाची भीती पत्करली असती असे म्हणावयाची पाळी येई. शस्त्रक्रियेच्या खोलीत कापसाचे बोळे मोजतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि चिंधी घातली नाही व नट पडलाच तर? पहिला नियम असा की हँडलला हात लावावयाचा नाही. इंजिन सुरू करणे दूरच, एक फेरासुद्धा फिरवावयाचा नाही. नट जेथे पडला तेथेच आहे तोवर तो आपला. जागचा हलला की तो यंत्राचा. मग दिवा धरून पाहावयाचे. दिसला तर टोक वाकवलेल्या तारेने किंवा लांब चिमट्याने उचलावयाचा. दिसत नसेल तर दोरीला लोहचुंबक बांधून खाली सोडावयाचा. पण ज्या पेटीत मुळातच सोळा चुंबक आहेत तेथे हा सतरावा कितपत कामी येणार? तो पाण्यात पडलेल्या लोट्यासाठी टाकलेल्या गळासारखा भलतीकडेच अडकून बसे. पितळेची वस्तू असेल तर चुंबक मुळीच उपयोगाचा नाही. तेथे काठीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून ती वस्तूवर टेकवावयाची आणि चिकटून वर येते का पाहावयाचे. तेही साधले नाही तर तळाचे बुच काढून तेल सोडावयाचे. भाग्य असेल तर तेलाबरोबर नट परातीत येऊन पडे. वरून रॉकेल ओतून धुऊनही पाहत.

ह्यापुढे मात्र उपाय महाग होत जात. गिअरचे संपूर्ण मोठे झाकण काढावे लागे. मग फ्लायव्हीलची कड उघडी पडे, आणि ती हाताने बोटाबोटाने फिरवीत एकेक चुंबक तपासावयाचा. पुष्कळदा नट तेथेच कोठे तरी चिकटून बसलेला सापडे. ज्या चुंबकांनी घात करावयाचा त्यांनीच त्याला धरून ठेवलेले असे. तेथेही नसेल तर शेवटचा मार्ग म्हणजे चेंबर खाली उतरवणे. पण फोर्डच्या गाडीत चेंबरच्याच दोन भुजा चौकटीवर टेकलेल्या असत आणि इंजिन त्यांच्या आधाराने बसे. म्हणजे चेंबर काढावयाचे तर सगळे इंजिन गाडीबाहेर काढणे आले. इंजिनाखाली तपासणीसाठी सुटे होणारे एक झाकण फोर्डने लवकरच दिले होते, परंतु ते पुढे, दट्ट्यांच्या दांड्यांखाली. नट पडे तो मागे, ड्रमांखाली. पाच मिनिटांच्या कामातून दोन दिवसांचे काम उभे राही. पेरणीचे दिवस असतील किंवा धान्य बाजारात न्यावयाचे असेल तर दोन दिवस म्हणजे काय, हे शेती करणाऱ्यास सांगावे लागत नाही. शिवाय हीच गाडी मागचे चाक उचलून, त्यावर पट्टा चढवून लाकडे कापावयास किंवा पाणी उपसावयास लावलेली असे. ती थांबली की घरातली बरीच कामे थांबत.

ह्या गाडीवर अमेरिकेत विनोदांची पुस्तकेच्या पुस्तके निघाली, आणि तिच्यासाठी सुट्या वस्तू विकणारा एक प्रचंड व्यापार उभा राहिला. दाराखाली बसवावयाच्या जाळ्या आल्या. त्या अस्तराचा भुगा अडवीत. झाकण न काढता बदलता येतील असे पट्टे आले. शेवटी कारखान्यानेही ऐकले. १९२६ च्या नमुन्यात पट्ट्यांचे कान सुटे करता येऊ लागले, त्यामुळे मोठे झाकण न हलविता लहान दारातूनच पट्टा बाहेर काढून अस्तर बदलता येऊ लागले. सोय मोठी झाली. पण कान सुटे झाले, म्हणजे त्या दारातून आत पडू शकणाऱ्या वस्तूंत आणखी भर पडली, हेही नमूद केले पाहिजे.

एका बाजूने पाहिले तर हे सगळे कारखानदाराच्या कंजूषपणाचे फळ आहे. दोन भांडी करावयाच्या ऐवजी एक केले, म्हणून गिअरमधला नट विजेच्या मुळाशी जाऊ शकला. टीकाकार असे म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. तरीही मला दुसरी बाजू अधिक वजनाची वाटते. ह्या लहानशा दारामुळे आयुष्यात कधी यंत्र न पाहिलेली लक्षावधी माणसे यंत्राच्या आत डोकावली. पट्टा म्हणजे काय, झीज म्हणजे काय, फट किती असावी, आधी काय सोडवावे आणि काय शेवटी, हे ती स्वतःच्या हातांनी शिकली. नट पडण्याची भीती ही त्या शिक्षणाची फी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२७ च्या अखेरीस फोर्डने ‘मॉडेल ए’ आणली आणि ग्रहचक्रे सोडून सरकत्या चक्रांकडे वळला. गिअरची पेटी आणि तिचे तेल इंजिनापासून वेगळे झाले. आता पडलेला नट इंजिनात पोहोचण्याची भीती उरली नाही. त्याऐवजी नव्या चिमुकल्या वस्तू आल्या. सरकत्या पेटीत गिअरची दांडी जागेवर राहावी म्हणून दांड्याच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी किंवा खुंटी बसविलेली असते. दांडा बेसावधपणे ओढला की ती गोळी हरभऱ्यासारखी टुणकन उडते, आणि कोठे उडाली हे तिलाच ठाऊक. ती दोन दातांच्या मध्ये सापडली तर दातांना मागे सरावयास जागा नसते; दात तुटतो, नाही तर पेटीचे बिडाचे कवच तडकते. १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्पसन याची सिंक्रोमेश योजना आली. चक्रे अडकण्यापूर्वी त्यांचा वेग आपोआप समान होऊ लागला आणि लव्हासोरचा खडखडाट तीसपस्तीस वर्षांनी शमला. चालकाचे काम सोपे झाले, मिस्त्रीचे अवघड. आत लहान चाव्या आल्या, बारीक स्प्रिंगा आल्या, पितळी कडी आली. कित्येक पेट्यांत सुईसारख्या सुट्या बेअरिंगांच्या ओळी आल्या. ह्या सुया ग्रीसमध्ये चिकटवून एकेक रचाव्या लागतात. जाणता मिस्त्री त्या काढताना मोजतो आणि बसविताना मोजतो. एक जरी कमी भरली तरी ती पेटीतच आहे असे समजून चालतो, आणि ती सापडेपर्यंत झाकण लावीत नाही.

आपल्याकडे हे शास्त्र अमेरिकेच्या गाड्यांबरोबरच आले. १९२६ साली फोर्डच्या कॅनडातील कंपनीने मुंबईत शाखा काढून जुळणी सुरू केली, १९२८ मध्ये जनरल मोटर्स आली. १९५० नंतरच्या दशकात दोघीही काम आवरून गेल्या. गाड्या मात्र राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर गॅरेजेही. नंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट आली, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा गिअर सुकाणूच्या दांड्यावरून टाकणारा चालक हे शहराचे एक चित्रच होऊन बसले. ती शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पदपथावर गोणपाट पसरून, त्यावर चक्रे ओळीने मांडून पेटी जुळविणारे मिस्त्री आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या गोणपाटाचे कामही फोर्डच्या चिंधीसारखेच होते: जे सुटेल ते नजरेसमोर पडावे.

आजच्या नव्या पेट्या बहुधा कारखान्यातच बंद होऊन येतात. कित्येकींतले तेल गाडीच्या जन्मभराचे आहे असे सांगितले जाते, आणि पायाखाली फळी नसते की फळीखाली दार. तळाच्या बुचाला चुंबक बसविलेला असतो. तो झिजेचा कीस धरून ठेवतो. काही आत हरवलेच तर तारेच्या टोकावर बसविलेला डोळा आत सोडून पडद्यावर पाहता येते. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत तर चाल बदलण्याची पेटीच उरलेली नाही. विजेच्या यंत्राला बैलासारखा जागच्या जागी जोर लावता येतो, म्हणून त्याला ती मध्यस्थी लागत नाही.

मॉडेल टी मात्र अजून पुष्कळ ठिकाणी हौशी लोकांनी चालती ठेवली आहे. सुती अस्तराऐवजी त्यांतले अनेक जण आता केव्हलारचे अस्तर वापरतात. ते फार काळ टिकते आणि त्याचा भुगाही थोडा पडतो. दार मात्र शंभर वर्षांपूर्वीचेच आहे, नटही तसेच आहेत, आणि फळी उचलल्यावर पहिल्याने हात जातो तो जुन्या कापडाकडेच.